एर्न्स्ट हॅपेल : दोन क्लबांना युरोपियन चषक जिंकून देणारा पहिला प्रशिक्षक आपल्या चर्चांत का नसतो?

बचावफळी :

२००८ च्या युरो स्पर्धेचा अंतिम सामना आपल्यापैकी अनेकांनी मध्यरात्रीनंतर जागून पाहिला असेल. टोरेसच्या एकमेव गोलवर स्पेनने जर्मनीला हरवले, ते मैदान व्हिएन्नाचे एर्न्स्ट हॅपेल स्टेडियम. ज्यांच्या नावाचे हे मैदान आहे ते गृहस्थ कोण, हा प्रश्न मला त्या रात्री पडला आणि तेव्हापासून मिळेल तसे मी त्यांच्याविषयी वाचत आलो आहे.

हॅपेल यांनी १९७० मध्ये फायेनूर्ड या रॉटरडॅमच्या क्लबला आणि १९८३ मध्ये हॅम्बुर्गला युरोपियन चषक, म्हणजे आजची चॅम्पियन्स लीग, जिंकून दिला. दोन वेगळ्या क्लबांबरोबर हा चषक जिंकणारे ते पहिले प्रशिक्षक. नेदरलँड्स, बेल्जियम, जर्मनी आणि ऑस्ट्रिया या चार देशांत त्यांच्या संघांनी लीगचे विजेतेपद मिळवले. १९७८ मध्ये त्यांनी नेदरलँड्सला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले. तरीही महान प्रशिक्षकांची चर्चा निघाली की मिखेल्स, क्रायफ, साक्की, फर्ग्युसन ही नावे आपोआप येतात आणि हॅपेल यांचे नाव कोणीतरी आठवण करून द्यावे लागते.

माझे मत असे, की त्यांचे सर्वोत्तम काम परक्या देशांत झाले, म्हणून कोणत्याच देशाने ते पूर्णपणे आपले मानले नाही. आपल्याला काय वाटते? आणि त्यांच्या कारकिर्दीतला कोणता टप्पा आपण सर्वांत मोलाचा मानाल?

व्हिएन्नावासी :

धाग्याबद्दल मनापासून आभार. मी अकरा वर्षे या शहरात राहतो आणि निदान येथे तरी हॅपेल विस्मरणात गेलेले नाहीत, हे आधी नोंदवतो. व्हिएन्नाच्या बोलीत त्यांना ‘व्योडमास्टा’, म्हणजे जगज्जेता म्हणत, आणि हे नाव आजही वयस्कर माणसांच्या तोंडी सहज येते.

आपल्या लेखनात एक मोठी जागा मात्र मोकळी राहिली आहे, ती म्हणजे खेळाडू हॅपेल. १९२५ मध्ये व्हिएन्नात जन्मलेला हा मुलगा १९४२ मध्ये, ऐन युद्धकाळात, व्हिएन्नाच्याच हुटेलडॉर्फ भागातील रापिड क्लबच्या पहिल्या संघात आला आणि मधली पॅरिसमधील दोन वर्षे वगळता १९५९ पर्यंत तेथेच खेळला. मध्यवर्ती बचावपटू म्हणून त्यांनी रापिडबरोबर सहा वेळा लीग जिंकली आणि ऑस्ट्रियाकडून ५१ आंतरराष्ट्रीय सामने खेळले. १९५४ च्या विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या संघात ते होते. त्याच संघाने उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडला ७-५ असे हरवले आणि उपांत्य फेरीत पश्चिम जर्मनीकडून ६-१ असा मार खाल्ला. दोन सामन्यांत अकरा गोल स्वीकारणाऱ्या बचावफळीत उभे राहिलेला माणूस पुढे आयुष्यभर मैदानावरच्या मोकळ्या जागेचा विचार करीत राहिला, यात मला आश्चर्य वाटत नाही. प्रशिक्षक हॅपेल समजून घ्यायचे असतील तर सुरुवात येथून करावी लागेल.

सायंतारा :

रेआल माद्रिदविरुद्ध त्यांनी हॅट्ट्रिक केल्याचे मी कोठेतरी वाचले होते. बचावपटूच्या बाबतीत हे खरे असू शकते का?

व्हिएन्नावासी :

@सायंतारा, अगदी खरे आहे. नोव्हेंबर १९५६, युरोपियन चषक. पहिला सामना माद्रिदमध्ये रेआलने ४-२ असा जिंकला होता. व्हिएन्नातील परतीच्या सामन्यात रापिडने ३-१ असा विजय मिळवला आणि तिन्ही गोल हॅपेल यांचे होते, फ्री किक आणि पेनल्टी यांवर मारलेले. समोर डी स्टेफानोचा, आदल्या वर्षीचा विजेता संघ होता. एकूण गोल ५-५ झाले. परक्या मैदानावरच्या गोलांचा नियम, म्हणजे एकूण गोल समान असतील तर परक्या मैदानावर जास्त गोल करणारा संघ पुढे जाणार, हा तेव्हा अस्तित्वात नव्हता, म्हणून तिसरा सामना खेळवला गेला, तोही माद्रिदमध्येच, आणि रेआलने तो २-० असा जिंकला. नियम असता तर पुढे रापिड गेला असता. त्या वर्षीचा चषकही शेवटी रेआलनेच उचलला.

नारिंगी :

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे हेगमध्ये होतो. हॅपेल यांची प्रशिक्षक म्हणून खरी घडण याच शहरात झाली, हे फार कमी लोक सांगतात. १९६२ ते १९६९ अशी सात वर्षे ते आडो या क्लबकडे होते. क्लब मोठा नव्हता, पैसा बेताचा होता, तरी १९६८ मध्ये त्यांनी अॅमस्टरडॅमच्या आयाक्सला २-१ असे हरवून डच चषक जिंकला. तेथल्या जुन्या प्रेक्षकांत एक आठवण सांगितली जाते : सरावाच्या वेळी गोलच्या आडव्या खांबावर रिकामा डबा ठेवून ते तो लांबून एका फटक्यात पाडून दाखवत आणि मग खेळाडूंकडे चेंडू सरकवत. त्यांना बोलून पटवण्याची गरज पडत नसे.

मोलाचा टप्पा विचारलात, तर माझे उत्तर निःसंशय फायेनूर्ड. १९६९ मध्ये ते रॉटरडॅमला आले आणि पहिल्याच हंगामात गतविजेत्या मिलानला स्पर्धेबाहेर घालवले. पहिल्या सामन्यात ०-१ अशी हार, मग घरच्या मैदानावर २-०. मिलानमधल्या अंतिम सामन्यात समोर जॉक स्टीन यांचा स्कॉटिश क्लब सेल्टिक होता, जो तीन वर्षांपूर्वी युरोपचा विजेता होता आणि ज्याच्याकडेच सगळ्यांचा कल होता. गेमेलने सेल्टिकला आघाडी मिळवून दिली, दोनच मिनिटांत कर्णधार इस्राएलने बरोबरी साधली आणि जादा वेळेत, सामना संपायला अवघी तीन मिनिटे उरलेली असताना स्वीडनच्या किंडव्हालने विजयी गोल केला. त्या सामन्यासाठी हॅपेल यांनी नेहमीचा गोलरक्षक त्रायटेल याला बाहेर ठेवून जुन्या ग्राफलांडला उभे केले होते. अंतिम सामन्याआधी असा निर्णय घ्यायला छाती लागते.

युरोपियन चषक नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा आला तो असा. आयाक्सची तीन वर्षांची मालिका त्यानंतरची आहे. ‘टोटल फुटबॉल’चे, म्हणजे खेळाडूंनी जागा बदलत साऱ्या संघाने मिळून हल्ला आणि बचाव करण्याच्या शैलीचे, सारे श्रेय अॅमस्टरडॅमला देणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

जुना_वाचक :

नारिंगी यांच्या शेवटच्या वाक्याशी मी नम्रपणे असहमत आहे. चषक कोणी आधी जिंकला आणि विचार कोणी आधी मांडला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रिनस मिखेल्स १९६५ पासून आयाक्स घडवीत होते आणि १९६९ मध्ये, म्हणजे फायेनूर्डच्या एक वर्ष आधी, आयाक्स युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. मिलानने त्याला ४-१ असे हरवले, एवढेच.

शिवाय फायेनूर्डची ती झळाळी टिकली किती? पुढच्याच हंगामात रुमेनियाच्या आराद गावच्या संघाने त्यांना पहिल्या फेरीत बाहेर काढले. घरी १-१, तेथे ०-०, आणि परक्या मैदानावरच्या गोलाचा नियम, जो तोपर्यंत आलेला होता, या वेळी हॅपेल यांच्या विरोधात गेला.

नारिंगी :

आरादची हार मी नाकारत नाही. पण त्याच हंगामात फायेनूर्डने डच लीग जिंकली आणि त्याआधी आर्जेंटिनाच्या एस्तुदियान्तेस संघाला हरवून युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या विजेत्यांमधला आंतरखंडीय चषकही जिंकला. ब्युनोस आयर्समध्ये ०-२ अशा पिछाडीवरून २-२ अशी बरोबरी आणि रॉटरडॅममध्ये १-०. तो गोल चष्मा लावून खेळणाऱ्या यूप व्हान डालेने केला आणि प्रतिस्पर्ध्यांनी मैदानावरच त्याचा चष्मा हिसकावून मोडला, ही हकिकत रॉटरडॅममध्ये लहान मुलेही सांगतात.

विचाराच्या प्राधान्याचे म्हणाल, तर मी मिखेल्स यांचे काहीही काढून घेत नाही. माझे म्हणणे असे, की दोघांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली. आयाक्समध्ये खेळाडू आपापल्या जागा सतत बदलत. हॅपेल यांच्या संघात व्हान हानेगेम, यान्सेन आणि ऑस्ट्रियाचाच हासिल अशी तिघांची मधली फळी मिळून जागा अडवत असे आणि चेंडू गेल्याक्षणी तो परत मिळवण्यासाठी पुढे सरकत असे. सेल्टिकला त्या रात्री मधल्या पट्ट्यात चेंडूच मिळाला नाही, कारण तेथे कायम एक माणूस जास्त असे.

पेठेतला_स्टॉपर :

कोल्हापुरात पंधरा वर्षे स्टॉपर, म्हणजे मध्यवर्ती बचावपटू म्हणून खेळलो, त्या अनुभवावरून एक गोष्ट मांडतो.

आमच्या काळात बचावपटूला एकच शिकवण असे : आपला माणूस धर आणि तो जाईल तेथे जा. मीही तेच करीत आलो. त्यामुळे हॅपेल माणसाऐवजी जागा सांभाळायला शिकवत आणि बचावफळीला मागे सरकण्याऐवजी पुढे यायला लावत, हे वाचले तेव्हा मी थबकलो. बचावफळी एकदम पुढे आली की समोरचा आघाडीपटू ऑफसाइड सापडतो, हे तर खरेच, पण त्याहून मोठा फायदा असा, की दोन्ही संघांमधले मैदान लहान होते आणि चेंडू घेणाऱ्याला मान वर करायला वेळ मिळत नाही. ही युक्ती करायला चारही बचावपटूंनी एकाच क्षणी पाऊल उचलावे लागते. एक जरी मागे राहिला तरी सगळे उघडे पडतात. आम्ही एका हंगामात हा प्रयोग केला आणि पहिल्या तीन सामन्यांत सपाटून मार खाल्ला. चौथ्या सामन्यापासून मात्र आमच्या गोलरक्षकाला फारसे काम उरले नाही.

ही शिकवण बचावपटूच देऊ शकतो, असे मला वाटते, कारण पाठीमागे मोकळे मैदान सोडून पुढे धावताना पोटात जो गोळा येतो तो त्याने स्वतः अनुभवलेला असतो. व्हिएन्नावासी यांनी १९५४ च्या त्या अकरा गोलांचा उल्लेख केला, तो मला म्हणूनच फार महत्त्वाचा वाटतो.

मडगावकर :

फायेनूर्ड आणि हॅम्बुर्ग यांच्या गडबडीत ब्रुग राहून जाऊ नये. प्रशिक्षकाची पारख मोठ्या क्लबवर होत नाही, असे आम्ही गोव्यात मुलांना शिकवताना नेहमी म्हणतो, आणि क्लब ब्रुग हा त्याचा उत्तम दाखला आहे. १९७६, ७७ आणि ७८ अशी सलग तीन वर्षे त्यांनी बेल्जियमची लीग जिंकली. युएफा चषकात, म्हणजे युरोपियन चषकाखालोखालच्या क्लब स्पर्धेत, इंग्लंडच्या इप्सविचविरुद्ध ०-३ असे हरून आल्यावर घरी ४-० असा विजय मिळवला, पुढे रोमा, मिलान आणि हॅम्बुर्ग यांना हरवले. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात लिव्हरपूलच्याच मैदानावर ते २-० असे पुढे होते, तो सामना त्यांनी २-३ असा गमावला आणि दुसरा १-१ असा सुटला. दोन वर्षांनी युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत युव्हेंटसला हरवून ते अंतिम सामन्यात पोहोचले. वेम्बलीवर पुन्हा लिव्हरपूल, आणि डालग्लिशचा एक गोल. बेल्जियमचा दुसरा कोणताही क्लब आजवर या चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेलेला नाही.

जुना_वाचक :

ब्रुगबद्दल मी मडगावकर यांच्याशी पूर्ण सहमत आहे. १९७८ च्या विश्वचषकाचे श्रेय मात्र हॅपेल यांना किती द्यावे, याबद्दल मला शंका आहे. तो संघ चार वर्षांपूर्वीच अंतिम सामना खेळलेला होता. हॅपेल यांनी तो हाताशी आलेला घेतला, वेम्बलीवरचा सामना १० मे रोजी संपवून ते जूनमध्ये अर्जेंटिनात होते. त्यांच्याबरोबर यान झ्वार्टक्रौस होते, ज्यांनी त्याआधी राष्ट्रीय संघ सांभाळला होता आणि नंतरही सांभाळला. पहिल्या फेरीत संघाने पेरूशी ०-० अशी बरोबरी केली आणि स्कॉटलंडकडून २-३ अशी हार पत्करली. ही काही सुसूत्र तयारीची लक्षणे नव्हेत.

नारिंगी :

झ्वार्टक्रौस यांचा वाटा होता, हे मान्यच आहे. परंतु ‘हाताशी आलेला संघ’ हे वर्णन अन्यायाचे आहे, कारण १९७४ च्या संघाचा प्राण असलेला क्रायफ या वेळी अर्जेंटिनाला गेलाच नाही आणि व्हान हानेगेमही नव्हता. दुसऱ्या फेरीत याच संघाने ऑस्ट्रियाला ५-१ असे हरवले. मायदेशाच्या संघाविरुद्ध पाच गोल होत असताना बाकावर बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले असेल, याचा मी अनेकदा विचार केला आहे. नंतर पश्चिम जर्मनीशी २-२, आणि हानच्या त्या दूरवरून मारलेल्या गोलवर इटलीविरुद्ध २-१.

यजमान अर्जेंटिनाविरुद्धच्या अंतिम सामन्याचे वातावरण सर्वांना ठाऊक आहे : लष्करी राजवट, कागदाच्या तुकड्यांनी भरलेले मैदान आणि रेने व्हान डे केर्कहोफच्या हातावरील प्लास्टरला अर्जेंटिनाने घेतलेली हरकत, जिच्यामुळे सामना उशिरा सुरू झाला. नानिंगाने आठ मिनिटे बाकी असताना १-१ अशी बरोबरी साधली. मग शेवटच्या मिनिटाला रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागला. तो एका वितीने आत गेला असता तर हा धागा आज निघालाच नसता. जादा वेळेत अर्जेंटिनाने ३-१ असा सामना जिंकला. दीड महिन्यात हॅपेल दोन अंतिम सामने हरले, एक क्लबबरोबर आणि एक देशाबरोबर.

सायंतारा :

नारिंगी यांच्या ‘हा धागा निघालाच नसता’ या वाक्यावर मी बराच वेळ विचार करीत होते. बचावफळी यांचे कारण असे, की कोणत्याच देशाने त्यांना आपले मानले नाही. पण कदाचित कारण याहून साधे असेल. आपण प्रशिक्षकांना त्यांच्या बोलण्यावरून लक्षात ठेवतो. हॅपेल पत्रकारांशी जेमतेम बोलत, सतत सिगारेट ओढत, स्वतःचा सिद्धांत त्यांनी कधी मांडला नाही. क्रायफ यांचे विचार लोकांपर्यंत पोहोचले, कारण ते अखंड बोलत राहिले.

एल्बेकाठी :

मी हॅम्बुर्गमध्ये राहतो आणि सायंतारा यांचे निरीक्षण मला अगदी योग्य वाटते. येथील जुने समर्थक सांगतात, की हॅपेल यांचा एक कटाक्ष दहा मिनिटांच्या भाषणाइतका असे.

माझ्या मते मोलाचा टप्पा हाच. व्यवस्थापक ग्युंटर नेट्झर यांनी १९८१ मध्ये त्यांना आणले. पहिल्याच हंगामात बुंडेसलीगा, म्हणजे जर्मन लीग जिंकली, युएफा चषकाचा अंतिम सामना मात्र तरुण एरिक्सन यांच्या गोटेबोर्गकडून ते हरले, घरच्या मैदानावर ०-३ असे. जानेवारी १९८२ ते जानेवारी १९८३ या काळात हॅम्बुर्ग बुंडेसलीगात सलग ३६ सामने अपराजित राहिला आणि हा विक्रम मोडायला बायर्नला २०१३ उजाडावे लागले. १९८३ मध्ये ब्रेमेनशी गुण समान झाले आणि गोलफरकावर लीग पुन्हा हॅम्बुर्गकडे आली.

आणि मग अथेन्स, २५ मे १९८३. युव्हेंटसमध्ये इटलीचे सहा विश्वविजेते होते, शिवाय प्लाटिनी आणि बोनिएक. सामना एकतर्फी होणार, असेच मानले जात होते. हॅपेल यांना ठाऊक होते, की युव्हेंटसचा बचावपटू जेंतिले हा हॅम्बुर्गचा आघाडीपटू बास्ट्रुप याच्या मागे सावलीसारखा फिरणार. म्हणून त्यांनी बास्ट्रुपला नेहमीच्या डाव्या बाजूऐवजी उजवीकडे पाठवले. जेंतिले त्याच्या मागे गेला, डावीकडे जागा मोकळी झाली आणि नवव्या मिनिटाला त्याच बाजूने आलेल्या मागाटने लांबून मारलेला चेंडू गोलरक्षक झोफच्या डोक्यावरून जाळ्यात गेला. उरलेला सारा वेळ रोल्फने प्लाटिनीला मोकळा श्वास घेऊ दिला नाही. जेंतिलेच्या आघाताने बास्ट्रुपचा जबडा मोडला, पण निकाल १-० असाच राहिला.

पेठेतला_स्टॉपर, आपण म्हणता ते येथे पुन्हा दिसते. आयुष्यभर माणूस न धरता जागा सांभाळायला शिकवणाऱ्या प्रशिक्षकाने त्या रात्री समोरच्या संघाच्या माणूस धरण्याच्या सवयीचाच उपयोग करून घेतला.

पेठेतला_स्टॉपर :

@एल्बेकाठी, हा तपशील मला माहीत नव्हता. मी तो सामना आज रात्रीच शोधून पाहणार आहे आणि मुलांनाही दाखवणार आहे. आणि एका गोष्टीची दुसरी बाजूही मान्य केली पाहिजे : रोल्फला प्लाटिनीवर सोडताना हॅपेल यांनीही माणूसच धरला. म्हणजे तत्त्वापेक्षा समोरचा सामना त्यांना मोठा वाटत असे.

जुना_वाचक :

अथेन्सपुढे मी निरुत्तर आहे. फक्त नोंद म्हणून लिहितो, की १९८३ च्या उन्हाळ्यात ह्रुबेश आणि बास्ट्रुप दोघेही गेले आणि त्यांची जागा घेणारे खेळाडू मिळाले नाहीत. त्यानंतरच्या चार वर्षांत १९८७ चा जर्मन चषक एवढेच मोठे यश. पण सायंतारा यांच्या मुद्द्यामुळे मी १९७८ बद्दलचे माझे मत थोडे सौम्य करतो. जो माणूस स्वतःच्या वाट्याबद्दल बोलत नाही, त्याचा वाटा इतरांच्या साक्षीवरून ठरतो, आणि मीही नेमके तेच केले.

बचावफळी :

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. धागा काढताना मी देशांचा विचार करीत होतो, पण आता वाटते, की माझे कारण अपुरे होते. हेग, रॉटरडॅम, ब्रुग, हॅम्बुर्ग या प्रत्येक शहराने त्यांना आपले मानलेले दिसते. प्रत्येक ठिकाणी फक्त त्यांच्या गावातला तुकडा सांगितला जातो आणि हे तुकडे एका माणसाचे आहेत, हे दूरच्या वाचकाला कळत नाही. व्हिएन्नावासी यांना विनंती, की ऑस्ट्रियातील शेवटच्या वर्षांविषयी लिहावे, कारण तो भाग राहिला आहे.

व्हिएन्नावासी :

आपण विचारलेत म्हणून लिहितो. १९८७ मध्ये ते मायदेशी परतून इन्सब्रुकच्या टिरोल संघाकडे गेले आणि १९८९ व १९९० मध्ये लीग जिंकली. राष्ट्रीय संघाची तेव्हा दैना झालेली होती. सप्टेंबर १९९० मध्ये फेरो बेटांसारख्या नवख्या संघाने ऑस्ट्रियाला १-० असे हरवले होते आणि ती जखम भरलेली नव्हती. अशा वेळी, फुप्फुसाच्या कर्करोगाने ग्रासलेले असताना, हॅपेल यांनी देशाच्या संघाची जबाबदारी घेतली. १९९२ मध्ये बाकावर दिसणारा त्यांचा चेहरा ओळखू येऊ नये इतका कृश झाला होता, पण सामने त्यांनी सोडले नाहीत. २८ ऑक्टोबर रोजी व्हिएन्नात ऑस्ट्रियाने इस्रायलला ५-२ असे हरवले, तो त्यांचा शेवटचा सामना.

१४ नोव्हेंबरला इन्सब्रुकमध्ये त्यांचे निधन झाले. चारच दिवसांनी न्यूरेम्बर्गमध्ये जर्मनीविरुद्धचा सामना होता. प्रशिक्षकांच्या बाकावर त्यांची टोपी ठेवलेली होती आणि सामना ०-० असा सुटला. ज्या जर्मनीने १९५४ मध्ये त्यांच्या बचावफळीत सहा गोल घातले होते, तिला त्या संध्याकाळी एकही गोल करता आला नाही.

प्राटर उद्यानातील मैदानाला त्यानंतर त्यांचे नाव दिले गेले. कोणी व्हिएन्नाला येणार असेल तर जरूर कळवावे. भुयारी रेल्वेच्या यू-दोन मार्गावर ‘स्टाडिओन’ स्थानकावर उतरले की मैदान समोरच आहे, आणि मी सोबत येईन.